मांडवावरची आणि कुंपणावरची तोंडली

(रायपूरजवळच्या बीरगांव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



चार शहाणपणाच्या गोष्टी कानावर पडाव्यात म्हणून लोक व्याख्यानाला येतात, आणि मी विषय निवडला आहे तोंडली. एका जुन्या संस्कृत सुभाषितानं तोंडलीला बुद्धीची वैरीण ठरवून टाकलं आहे आणि बुद्धी देण्याचा मान वेखंडाला दिला आहे. आमच्या लहानपणी परीक्षेच्या दिवसांत घरात तोंडली शिजत नसत. पाढे विसरले तर दोष पाठांतराचा नसे, आदल्या दिवशीच्या भाजीचा असे. या आरोपाला आजवर कुणीही पुरावा दिलेला नाही. तरीही आज रात्री कुणाला काही आठवेनासं झालं, तर जबाबदारी माझ्यावर टाकायला हरकत नाही.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वनस्पतिशास्त्र शिकवताना फळ्यावर आकृती काढायची घाई करत नसत. आधी बाहेर जा, फांदी आणा, मग बोलू, अशी त्यांची रीत. त्या रीतीला धरून मी विषय लांबून आणलेला नाही. भनपुरीकडून बीरगांवात येताना, उरल्याकडे वळताना, सिलतऱ्याच्या रस्त्याला कारखान्यांच्या तारेच्या कुंपणांवर नजर टाका. स्पंज आयर्नच्या काळ्या धुळीनं माखलेला एक वेल पावसाची पहिली सर पडली की हिरवागार होऊन तारा झाकून टाकतो. इथं सगळे त्याला कुंदरू म्हणतात. आपल्या घरांत, म्हणजे भोसल्यांच्या काळापासून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यापर्यंत वेगवेगळ्या निमित्तांनी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांत, तीच तोंडली. बाजारातून आणलेली तोंडली आपण खातो आणि कुंपणावरच्यांकडे ढुंकून बघत नाही, कारण ती बहुधा कडू निघतात. आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या, कुणीही न लावलेल्या वेलाबद्दल.

वेलाची ओळख पानापासून करून घेऊ. एखाद्या जुन्या वेलाची दहा-बारा पानं तोडा आणि कागदावर ओळीनं मांडा. एक पान जवळजवळ गोल, देठाशी हृदयासारखी खाच असलेलं. दुसरं पाच कोनांचं. तिसऱ्याच्या कोनांमधल्या खाचा आत गेलेल्या, म्हणजे पाच खंडांचं. चौथ्याच्या खाचा इतक्या खोल की पानाची तीन-पाच अरुंद बोटं झालेली. सगळी एकाच वेलाची. शेजारच्या कुंपणावरच्या वेलाची पानं वेगळी, त्याच्या पलीकडच्याची आणखी वेगळी. पुस्तकात या वेलाचं वर्णन करताना पानांबद्दल ‘अतिशय बदलणारी’ असा शेरा असतो, आणि विद्यार्थी तो शेरा पाठ करून पुढे जातात. माझ्या मते सगळी गंमत त्या शेऱ्यातच आहे.

पान उलटं करून बघा. देठ जिथे पात्याला मिळतो तिथे, मुख्य शिरांच्या मधल्या जागेत, बारीक गोल चकत्या दिसतील. रंगानं पानापेक्षा थोड्या गडद, भिंगाशिवायही दिसणाऱ्या. या मधुग्रंथी. फुलाबाहेर, चक्क पानावर मध तयार करण्याची ही सोय मुंग्यांसाठी असते. सकाळी लवकर गेलात तर मुंग्या त्या चकत्यांशी थांबलेल्या दिसतात. मुंग्यांची वर्दळ असली की पानं खाणाऱ्या किड्यांना थोडा वचक बसतो, हा साधा व्यवहार. पानाच्या कडेला लहान लहान दातांच्या टोकांवरही ग्रंथी असतात. पानाचा आकार कितीही बदलला तरी या खुणा जागा सोडत नाहीत, म्हणून वेल ओळखायचा तो आकारावरून नाही, या खुणांवरून. जुन्या खोडावर हात फिरवला तर पांढुरके खरखरीत ठिपके लागतात, तीही एक खूण. जमिनीत खाली मांसल मूळ असतं. वैशाखात रायपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा वरचा वेल वाळून काटक्या होतो आणि खालचं मूळ तग धरून राहतं. उन्हाळ्यात कुंपण ‘साफ’ करणाऱ्याला वाटतं वेल गेला. आषाढात तो पुन्हा तारेवर असतो.

आकाराच्या या लहरीपणानं शास्त्रज्ञांनाही बराच काळ घोळवलं. लिनियसनं १७६७ साली या वेलाला ब्रायोनिया ग्रँडिस म्हटलं. वाइट आणि आर्नॉट यांनी १८३४ मध्ये दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात त्याला कॉक्सिनिया इंडिका केलं. श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत सर्जन असलेल्या फॉइग्ट यांच्या १८४५ च्या ग्रंथात लिनियसचं पद आणि नवी प्रजाती यांची जोड बसली, आणि कॉक्सिनिया ग्रँडिस हे आजचं नाव तयार झालं. १८६६ मध्ये नोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं सेफॅलँड्रा इंडिका असं आणखी एक नाव दिलं. ते शास्त्रानं केव्हाच बाजूला ठेवलं, पण होमिओपॅथीच्या दुकानातल्या बाटलीवर ते अजून ठाण मांडून आहे. मधुमेहासाठी ती बाटली नेणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की आत तोंडली आहेत! नॉर्बर्ट होल्स्टाइन यांनी २०१५ मध्ये या प्रजातीचा सबंध आढावा घेतला तेव्हा त्यांच्यासमोर ९५ नावं होती. छाननीनंतर जाती उरल्या २५. बाकीची नावं म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत, सुकवलेल्या वेगवेगळ्या फांद्या पाहून केलेली बारशी. हर्बेरियमच्या कागदावर एका वेलाची एकच फांदी चिकटवलेली असते. त्या एका फांदीवरून वेलाचा स्वभाव कळावा ही अपेक्षाच चुकीची.

या २५ जातींपैकी तोंडली सोडून बाकी सगळ्या आफ्रिकेतल्या आहेत. आपली आपण आशियापर्यंत पसरली ती ही एकच. इथिओपियाच्या पश्चिम भागात हिची एक बहीण, कॉक्सिनिया ॲबिसिनिका, शेतात लावली जाते, तीही फळासाठी नव्हे. तिचं जमिनीतलं मूळ उकडून खातात, त्याला आंचोटे म्हणतात. आपण बिंबफळाला संस्कृत काव्यातलं म्हणून अगदी इथलं मानतो. कालिदासाच्या यक्षाला दूर राहिलेल्या पत्नीच्या ओठांसाठी पिकलेलं बिंबच आठवलं. ते आठवणारा कवी इथलाच, पण वेलाचा गोतावळा मात्र समुद्रापलीकडचा. कवीला दाद द्यायला हवी ती आणखी एका गोष्टीसाठी: त्यानं फळ पिकलेलं पाहिलं होतं. बाजारातल्या हिरव्या तोंडल्याशी ओळख असलेल्या माणसाला ही उपमा कळतच नाही. ओठांसारखं लाल तोंडलं बघायचं तर कुंपणाशीच जायला हवं.

तणाव्यांबद्दल थोडं बोलतो. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांच्या कुळातला हा वेल, त्यामुळे पानाच्या बगलेतून निघणारा तणावा आलाच. भोपळ्याचा तणावा फाटे फोडतो, तोंडलीचा बहुधा एकच एक, साधा. त्याचं टोक हवेत गोल गोल फिरत आधार शोधतं, तार सापडली की तिला दोन-तीन वेढे घालतं. नंतरची करामत जास्त पाहण्यासारखी आहे. टोक तारेला बांधलेलं, बूड खोडाला बांधलेलं, आणि मधला भाग पिळत जातो. दोन्ही टोकं अडकलेली असताना एकाच दिशेनं पीळ घालता येत नाही, म्हणून तणावा अर्ध्यात उजवा पीळ घालतो, मध्ये एक छोटा सरळ तुकडा सोडतो आणि उरलेल्या अर्ध्यात डावा पीळ घालतो. जुन्या टेलिफोनच्या वायरीत अशी उलटी वळी कधी कधी आपोआप पडायची, ती ज्यांनी सोडवली आहे त्यांना हे लगेच कळेल. डार्विननं १८६५ मध्ये वेलांवर लिहिताना या उलट्या पिळाची नीट नोंद केली. पीळ नेमका कशानं पडतो याचा उलगडा काकडीच्या तणाव्यावर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी २०१२ मध्ये केला. तणाव्याच्या आत तंतूंची एक दुपदरी पट्टी असते, तिचा एक पदर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो, आणि पट्टी वळते. वारा आला की वेल हिसका न खाता तारेवर झुलतो, तो या पिळामुळे. उरल्याच्या रस्त्यावरून ट्रक जाताना तारेवरचा वेल बघा, हेच दिसेल.

आता फुलांकडे वळू. सकाळी उमलणारी, पांढरी, पाच पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, साधारण बोटाच्या पेराएवढी फुलं. एका कुंपणावर सगळी फुलं दिसायला सारखी वाटतात. फूल खुडा आणि पाकळ्यांच्या खाली बघा. एका वेलाच्या फुलाखाली नुसता देठ असतो. दुसऱ्या वेलाच्या फुलाखाली, उमलण्याच्या आधीपासूनच, छोटंसं हिरवं तोंडलं तयार असतं. ते किंजपुट. पहिला वेल नर, दुसरा मादी. नर फुलात मधोमध केसरदलं एकमेकांना चिकटून एक नागमोडी पिवळट गोळा झालेला असतो. मादी फुलात त्या जागी तीन भागांचा किंजल्क. काकडीत, भोपळ्यात नर आणि मादी फुलं वेगळी असली तरी एकाच वेलावर येतात. तोंडलीत वेलच वेगळे. शास्त्रात याला विभक्तलिंगी म्हणतात. नर वेल कितीही जोमानं वाढला, कितीही फुलला, त्याला जन्मात तोंडलं धरणार नाही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्याची सुरुवात पुण्यात झाली आहे.

माणसाचं लिंग एक्स आणि वाय या गुणसूत्रांवरून ठरतं हे आता शाळेतली मुलंही सांगतात. झाडांत मात्र अशी डोळ्यांना वेगळी दिसणारी लिंगगुणसूत्रं अतिशय दुर्मीळ. फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या लाखो जातींपैकी २०१३ पर्यंत चार कुळांतल्या जेमतेम १९ जातींत ती नोंदली गेली होती. त्यांत तोंडली आहे, आणि तिची नोंद खूप आधीची. पुण्यात काम करणाऱ्या एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी १९४० साली ‘करंट सायन्स’मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. तोंडलीच्या पेशीत गुणसूत्रं २४. मादीत सगळ्यांच्या जोड्या जुळतात. नरात एक जोडी विजोड: एक गुणसूत्र बाकीच्यांएवढं, दुसरं भलं मोठं. ते मोठं म्हणजे वाय. माणसात वाय लहान असतो, एक्सच्या शेजारी उभा केला तर किरकोळ वाटावा असा. तोंडलीत उलटं. ज्या काळात सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्य आणि डोळे एवढंच भांडवल होतं, त्या काळात हे पाहिलं गेलं.

पाहण्याची पद्धत सोपी नव्हती. फुलाची अगदी कोवळी कळी, परागकण तयार होण्याच्या ऐन वेळी, पकडावी लागते. एखाद्या तासानं उशीर झाला तर पेशी विभागून मोकळ्या. कळी रसायनात घालायची, परागकोश काढायचा, काचेवर रंगाच्या थेंबात फोडायचा, वरून काच ठेवून अंगठ्यानं दाबायचा. नशीब चांगलं असलं तर एखाद्या पेशीत गुणसूत्रं सुटी सुटी पसरतात. मग त्यांची गणती. हे काम हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही, आणि सवय होईपर्यंत शेकडो कळ्या वाया जातात.

कुमार यांनी हा विषय सोडला नाही. १९५२ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा एका सहकाऱ्याबरोबरचा लेख आला, तोंडलीत लिंग कसं ठरतं यावर. पुढच्या प्रयोगांत वेलांतली गुणसूत्रांची संख्या वाढवून पाहिली गेली. एक्स कितीही वाढवले तरी एक वाय हजर असला की वेल नर, हे त्यातून स्पष्ट झालं. भारतात झालेलं हे काम परदेशी पाठ्यपुस्तकांत उद्धृत होतं, आणि आपल्या पदवीच्या वर्गांत मुलं लिंगगुणसूत्रांसाठी युरोपातल्या रानफुलाचं उदाहरण लिहितात. उदाहरण चूक नाही. पण कॉलेजच्या कुंपणावर ज्याचा नमुना फुललेला आहे ते उदाहरण सोडून, जे फूल कधी बघायला मिळणार नाही ते पाठ करायला लावणं मला पटत नाही.

२०१३ मध्ये म्युनिकच्या सुझान रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी तोंडलीचा वाय पुन्हा मोजला. तो इतर कुठल्याही गुणसूत्राच्या दुप्पट भरला. एकट्या वायमुळे नराच्या पेशीतलं जनुकद्रव्य मादीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त असतं. आणि ही जात आहे अवघी तीसेक लाख वर्षांची. उत्क्रांतीच्या हिशोबात हा थोडका काळ. एवढ्यात एक गुणसूत्र इतकं फुगलं कसं, यावर अजून काम चालू आहे. त्यानंतर पुण्यातच, आयसर या विज्ञानसंस्थेत, अंजन बॅनर्जी यांच्या गटानं तोंडलीचे तीन प्रकारचे वेल अभ्यासले: नर, मादी आणि एक विरळा प्रकार, ज्याच्यावर मादी फुलांबरोबर काही द्विलिंगी फुलंही येतात. या तिसऱ्या वेलात वाय नसतो. केसरदलं येतात, पण पराग वांझ. मादी वेलावर सिल्व्हर नायट्रेटची फवारणी केली तर तिच्या फुलांतही केसरदलं वाढू लागतात, हेही त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे केसर तयार करायची तयारी मादीतही असते, तिला फक्त आवर घातलेला असतो. सुफळ पराग मात्र वायशिवाय होत नाही. पाकळ्यांपासून परागापर्यंत पायऱ्या आहेत, आणि वाय सगळ्यात वरच्या पायरीवर उभा आहे.

आता हे सगळं बारीत आणून बघू. छत्तीसगडमध्ये घरामागची वा गावकुसाची भाजीची वाडी म्हणजे बारी, आणि त्या कामातले मुरब्बी म्हणजे मरार. आपल्या भंडारा-गोंदियाकडेही मरार आहेत, त्यामुळे नागपूरकडच्या मंडळींना नवं सांगायला नको. मरार कुंदरूचं बी पेरत नाही. विचारलं तर हसतो. बी पेरलं की निम्म्याच्या आसपास वेल नर निघणार, हे त्याला एक्स-वाय न शिकता माहीत आहे. शिवाय मादी निघाली तरी फळ आईसारखं निघेल याची हमी नाही, कडूही निघेल. म्हणून काडी लावायची. काडी म्हणजे त्याच वेलाचा तुकडा: तोच वाण, तीच मादी, तेच फळ. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं दोन वाण दिले आहेत, इंदिरा कुंदरू-५ आणि इंदिरा कुंदरू-३५. पाच नंबरचं फळ आखूड, अंडाकृती, सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास. पस्तीसचं लांबट, सहा सेंटिमीटरपर्यंत. दोन्ही फिकट हिरवी. उत्पन्न हेक्टरी ४०० क्विंटलच्या पुढे सांगितलं जातं, आणि चांगल्या मांडवाखाली उभं राहिलं की त्यावर विश्वास बसतो. डोक्यावर फळांची दाटी असते. इथं या मांडवाला मचान म्हणतात. एक दिवसाआड तोडणी, पहाटे कोचियाची, म्हणजे दलालाची, मोटरसायकल, आणि सकाळी बाजारात ढीग.

पण मचानाखाली उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. सगळ्या वेलांची पानं सारखी. फळांचा आकार, पट्ट्यांचा रंग, सगळं सारखं. सारखं असणारच, कारण ते अनेक वेल नाहीतच. एकाच मादीचे तुकडे आहेत. काही वाणांना पराग न मिळताही फळ धरतं, म्हणून नर वेलाची आठवणही कुणाला येत नाही. शेतीची पुस्तकं दहा मादी वेलांमागे एक नर ठेवा म्हणतात. ठेवणारे मला थोडेच दिसले, आणि त्यांना दोष देता येत नाही. फळ न देणाऱ्या वेलाला पाणी कोण घालणार?

तुलनेसाठी धान घ्या. धानाचे शास्त्रज्ञ रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरला बसून छत्तीसगडच्या गावागावातून धानाचे वाण गोळा केले, हजारोंच्या संख्येनं. आज कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात धानाचे २३ हजारांहून जास्त नमुने आहेत, आणि राज्याला त्याचा रास्त अभिमान आहे. हे शक्य झालं कारण धानाचा दाणा स्वतःच्या आईवर जातो. डब्यात भरा, थंड खोलीत ठेवा, ठरावीक वर्षांनी पेरून ताजा करा. कुंदरूचं तसं नाही. त्याचा वाण बियांत टिकत नाही, जिवंत वेलातच टिकतो. आणि त्याचं वैविध्य, म्हणजे गोल पानाचे, खोल खाचांचे, दाट पट्ट्यांचे, उन्हाला चिवट, किडीला न जुमानणारे असे जेवढे म्हणून प्रकार आहेत, त्यांना जन्म देणारी जागा एकच: जिथे नर आणि मादी दोघेही आहेत, मधमाश्या आहेत, पिकलेलं लाल फळ खाऊन बी दुसऱ्या कुंपणावर टाकणारे बुलबुल आहेत. ती जागा मचान नाही. ती जागा आहे कारखान्याचं कुंपण, रेल्वेच्या रुळाकाठचं झुडूप, तलावाच्या पाळीवरची बाभूळ. आज मचानावर असलेली प्रत्येक मादी मुळात अशाच कुठल्यातरी नर-मादीच्या पोटची. तिच्यावर उद्या एखादा रोग आला तर तिचे सगळे तुकडे एकदम आडवे होतील, आणि पर्याय शोधायला आपल्याला पुन्हा कुंपणाशीच यावं लागेल. कुंपण तोवर राहिलं पाहिजे.

इथं कुणीतरी म्हणेल की हा वेल एवढा चिवट, त्याची काळजी कशाला? तो चिवट आहे हे खरं. हवाईत ओआहू बेटावर १९६८ मध्ये तो पहिल्यांदा रानटी वाढलेला आढळला. कुणीतरी खाण्यासाठीच नेला असणार. पुढे त्यानं झाडं, विजेचे खांब, बागा झाकून टाकल्या. ग्वाम आणि सायपान बेटांवर तर जंगलाच्या जंगलावर त्याची चादर पसरली. हवाईच्या शेती खात्यानं केनियात माणसं पाठवून या वेलाचे शत्रू शोधले. १९९६ मध्ये खोड पोखरणारा एक पतंग सोडला, त्यानंतर दोन जातींचे सोंडे. वेलाचं माहेर आफ्रिका, म्हणून वैरीही तिथलेच. आपल्याकडे तो असा माजत नाही, कारण इथं त्याला खाणारे, पोखरणारे, फळात अंडी घालणारी फळमाशी, आणि उन्हाळा, असे सगळे पहारेकरी जागेवर आहेत. हवाईतल्या बातम्या वाचून बीरगांवातल्या वेलावर तणनाशक मारायचं काही कारण नाही.

औषधाबद्दल प्रश्न येतोच, म्हणून आधीच सांगतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स या वैद्यकीय संस्थेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्या ६० जणांना ९० दिवस या वेलाचा अर्क किंवा बिनऔषधी गोळी दिली होती. अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सुमारे १६ टक्के आणि जेवणानंतरची १८ टक्के उतरली. चाचणी नेटकी होती, पण लहान होती, आणि त्यात मोजून दिलेला अर्क होता, तोंडल्याची रसभाजी नव्हती. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून कुंपणावरची कडू फळं चावू नका. कडूपणा आणणारी द्रव्यं या कुळात पोट चांगलंच बिघडवतात. दुधी, काकडी, तोंडलं, काहीही असो, कडू लागलं की थुंकून टाकायचं.

बाजारातलं तोंडलं निवडायची आपल्या बायकांची रीत मात्र शास्त्राला धरून आहे. फळ वरून हिरवं दिसत असलं तरी आतून आधी लाल व्हायला लागतं. म्हणून त्या नुसतं रंगाला भुलत नाहीत, बोटांत दाबून बघतात. कडक लागलं तर कोवळं, मऊ लागलं तर आत लाल. शंका आली तर एखादं मोडूनही बघतात, आणि विकणारीनं कुरकूर केली तरी ऐकत नाहीत. मसालेभातात उभी चिरलेली कोवळी तोंडली घातली नाहीत तर भात अपुरा, हे मी इथल्या कितीतरी घरांत ऐकलं आहे. छत्तीसगडी शेजाऱ्यांकडे ती मोहरीच्या वाटणात होतात, तीही खाऊन बघा. थायलंडात तर फळाला फारशी किंमतच नाही, ते कोवळे शेंडे आणि पानं सूपमध्ये घालतात. तिकडे नर वेलही उपयोगाचा, फळ धरो न धरो.

माझी मागणी मोठी नाही. बीरगांवात शाळा आहेत, त्यांना कुंपणं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कुंपणांवर हा वेल आधीच चढलेला आहे. पावसाळ्याआधी सफाई करताना एक पट्टा सोडा. श्रावणात फुलं आली की मुलांना बाहेर काढा, नर वेलाला एका रंगाची चिंधी बांधायला सांगा, मादीला दुसऱ्या. पानांचे ठसे वहीत घेऊ द्या, एका वेलाचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. गोड फळाचा वेल सापडला तर तो कुठं आहे ते लिहून ठेवा आणि कृषी विश्वविद्यालयात कळवा. अशा नोंदींना तिथे किंमत आहे.

आणि घरी लावायचा असेल तर काडी कशी घ्यायची, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो. आधी फूल बघून वेल मादी आहे याची खात्री करा, आणि फळ चाखून बघा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, पिकलेल्या खोडाची, चार-पाच पेरांची काडी घ्या, अगदी शेंड्याकडची कोवळी नको. दोन पेरं मातीत जातील अशी थोडी तिरपी रोवा, खालचं टोक खाली आणि वरचं वर, उलटी काडी रुजत नाही. आषाढात लावली तर पाणी बेताचंच, माती चिखल झाली तर कुजते. पहिला तणावा दिसला की जवळ काठी रोवा. आणि जागा असेल तर कोपऱ्यात एक नर वेल.